सात पूर्ण दिवस

नोंदवहीतला ‘गुरुवार’ हा शब्द कलमबाईंनी तीनदा वाचला. मग चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि चौथ्यांदा वाचला. गुरुवारच होता.

“मामा, ही नोंद तुमची ना?”

“माझीच,” शिपाईमामा म्हणाले. त्यांच्या हातात सभागृहातल्या पाण्याच्या ग्लासांचा ट्रे होता. “अक्षर बघा की. शाईत बुडालेली मुंगी चालल्यासारखं आहे. दुसऱ्या कोणाचं असणार?”

“सभेची सूचना फलकावर गुरुवारी लागली?”

“गुरुवारी सकाळी. तुम्ही आलात, किल्ली दिलीत, मी लावली.”

“पण मी बुधवारी लावा म्हणून सांगून गेले होते.”

“सांगून गेलात खरं. पण किल्लीही घेऊन गेलात.”

मामांच्या बोलण्यात ठपका नव्हता. आज ऊन आहे, असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं आणि ते ग्लास मांडायला लागले. कलमबाई मात्र खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. सभा आजच होती, ह्या गुरुवारी, दुपारी तीनला.

त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. शहराच्या महापालिकेत सभालिपिक म्हणून त्यांची सव्वीस वर्षं झाली होती. सभेची सूचना काढायची, सभेत कोण काय बोललं ते लिहून घ्यायचं, पुढच्या सभेत ते वाचून दाखवायचं, आणि कोणी नियमाबाहेर जायला लागलं की कलमाचा आकडा सांगायचा, हे त्यांचं काम. आकडा त्या पुस्तक न उघडता सांगत. म्हणून त्या कलमबाई.

दर निवडणुकीनंतर नवे नगरसेवक आले की त्या सगळ्यांना सभागृहात बोलवत आणि नऊ खुर्च्या एका ओळीत मांडत. पहिल्या खुर्चीत एकाला बसवून त्याच्या हातात कागद देत. “तुम्ही सूचना.” शेवटच्या खुर्चीत दुसऱ्याला बसवत. “तुम्ही सभा.” मग मधल्या सात खुर्च्या भरत. “हे झाले सात पूर्ण दिवस. सूचना लागते तो दिवस मोजायचा नाही, सभा होते तो दिवस मोजायचा नाही. मधले बसलेत तेवढेच खरे.”

मागे एकदा पहिल्या खुर्चीतल्या जाड्या कंत्राटदाराने विचारलं होतं, “म्हणजे एवढा मोठा मी इथे बसलोय आणि मोजणीतच नाही?”

“तुम्हाला मान आहे, मोजणी नाही,” कलमबाई म्हणाल्या होत्या. सगळे हसले होते. हसता हसता शिकलेलं माणूस विसरत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. शेवटी त्या एवढंच सांगत: “हे सात दिवस कोणासाठी? ज्याच्यावर आरोप आहे त्याच्यासाठी. त्याला उत्तर जुळवायला वेळ मिळायला हवा. त्यातला एक दिवस जरी कमी पडला तरी सभा रद्द, सभेतला ठराव रद्द. आज तुम्हाला ही कटकट वाटेल. उद्या कोणी तुमच्याविरुद्ध उभं राहिलं की हेच सात दिवस गोड लागतील.”

आणि आता त्यांच्याच हातून एक खुर्ची निसटली होती.

चूक कशी झाली, तेही त्यांना लख्ख दिसत होतं. गेल्या आठवड्यात बुधवारी दुपारी त्यांच्या यजमानांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मोतीबिंदू, काही मोठं नव्हे. पण ‘अहो’ घाबरलेले, आणि ते आपल्याला कळलंय हे त्यांना दिसू द्यायचं नाही म्हणून ह्या घाईत. सूचनेवर सही केली, ‘मामा, लावून टाका’ म्हणून निघाल्या. सूचनाफलकाला काचेचं दार, दाराला कुलूप. कुलपाच्या दोन किल्ल्यांपैकी एक कधीच हरवलेली, दुसरी कलमबाईंच्या पर्समध्ये. मामा बंद काचेसमोर कागद धरून उभे राहिले आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी कलमबाई आल्या त्याच आनंदात, की अहोंना पट्टी काढल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरचे बारीक आकडेसुद्धा दिसले. मामांनी किल्ली मागितली, यांनी दिली. कशासाठी, हे विचारलंही नाही.

“बाई,” ट्रे रिकामा करून मामा परत आले होते, “एवढं काय मनाला लावून घेता? पान बदलू. आख्खं पान नवं लिहितो. गुरुवारच्या जागी बुधवार. कोणाला पत्ता लागणार?”

“तुम्हाला लागेल.”

“मी कोणाला सांगतोय?”

“मामा, इतकी वर्षं तुमच्या मुंग्या सरळ चालल्यात. आता माझ्यापायी त्यांना वाकडं चालायला लावू नका.” त्या उठल्या. “औषधवाल्या ताई आल्यात का बघा. आणि उपमहापौरांना म्हणावं, जरा आधी या.”

औषधवाल्या ताई म्हणजे आजच्या ठरावाच्या कर्त्या. औषधांचं दुकान चालवायच्या, पहिल्यांदाच निवडून आलेल्या, बोलायला तिखट. महिन्यापूर्वी त्या अशाच तणतणत कलमबाईंच्या टेबलाशी आल्या होत्या. त्याला कारणही तसंच होतं. महापौरांनी महापालिकेचे माळी स्वतःच्या बंगल्यावर राबवले, तेव्हा लोक कुरकुरले. पालिकेची गाडी रात्री कारंज्यात घातली, तेव्हा लोक हसले. पण मेव्हण्याच्या नव्या घरी सोफा पोचवायला त्यांनी पालिकेची रुग्णवाहिका पाठवली आणि त्याच संध्याकाळी कंबर मोडलेल्या एका आजीला भाजीच्या टेम्पोतून दवाखान्यात न्यावं लागलं, तेव्हा कोणी हसलं नाही. त्या आजी औषधवाल्या ताईंच्या दुकानासमोरच राहायच्या. टेम्पोत त्यांचं डोकं ताईंनीच मांडीवर धरलं होतं.

“काढायचंय त्या माणसाला,” ताई तेव्हा म्हणाल्या होत्या. “कलम सांगा.”

“असं कलम नाही. महापौर लोकांनी निवडलाय. लोकच काढतील, दोन वर्षांनी.”

“म्हणजे आम्ही एक्केचाळीस जण इथे काय माशा मारायला?”

“बसा. पाणी प्या.” मग लहान मुलाला गणित समजवावं तशा कलमबाई सावकाश बोलल्या होत्या. “खुर्ची तुम्हाला काढता येत नाही. पण खुर्चीला चाकं कोणी लावली? सभेने. त्यांच्या एका सहीवर गाड्या फिरतात, माणसं फिरतात. तो अधिकार सभेने ठराव करून दिलाय, ठराव करून परत घेता येतो. घ्या आणि उपमहापौरांकडे द्या. समित्यांचं अध्यक्षपदही तसंच. रुग्णवाहिकेची चौकशी सभेबाहेरच्या माणसाकडून करून घ्या, म्हणजे कोणी म्हणायला नको की घरच्यांनीच निवाडा केला. आणि सभेची नापसंती साध्या शब्दांत लिहा. शिव्या नकोत. शिव्या वाचून लोक शिव्याच लक्षात ठेवतात.”

ताईंनी सगळं लिहून घेतलं होतं. मग महिनाभर दारोदार फिरून तेहेतीस सदस्य जमवले होते. त्यातले पाच-सहा असे, की आज ‘हो’ म्हणतील आणि उद्या फोन उचलणार नाहीत.

आता त्याच ताई कलमबाईंच्या टेबलावर दोन्ही हात टेकून उभ्या होत्या. शेजारी उपमहापौर बसले होते. ते मूळचे शिंपी, शांत माणूस. बोलण्याआधी समोरच्याचं माप घेत.

“एक दिवस?” ताई म्हणाल्या. “एका दिवसासाठी तुम्ही सभा रद्द करणार?”

“मी नाही, नियम करतो. चूक माझी आहे.”

“चूक कोणाला माहितीय?”

“मला, मामांना, आता तुम्हा दोघांना.”

“मग चौघांत राहू दे ना. बाई, आज माझ्याकडे तेहेतीस हात आहेत. आठ दिवसांनी किती उरतील, देवाला माहीत. महापौर घरोघर जाईल. कोणाच्या भाच्याला नोकरी, कोणाच्या दारात रस्ता. तुम्हाला काय, तुम्ही लिहून मोकळ्या.”

कलमबाईंना हे लागलं, पण त्यांनी ते गिळलं. “ताई, आज ठराव झाला आणि उद्या महापौर न्यायालयात गेले, तर पहिल्याच दिवशी तो फाटेल. मग पुन्हा आणायला सहा महिने थांबावं लागतं. कलम...”

“आकडा नको,” ताई म्हणाल्या.

उपमहापौरांनी एवढंच विचारलं, “बाई, हे सभेत कोणी सांगायचं?”

“मीच सांगते. माझी चूक दुसऱ्याने का सांगायची?”

तीन वाजता सभागृह भरलं होतं. महापौरांच्याच विरुद्ध ठराव असल्यामुळे अध्यक्षांच्या आसनावर उपमहापौर होते आणि महापौर खाली, पहिल्या रांगेत. त्यांच्याकडे पाहून कलमबाईंना नवल वाटलं. ज्याचे हात आज बांधले जाणार, तो माणूस लग्नाला आल्यासारखा मजेत बसला होता. वर प्रेक्षकांच्या सज्जात त्यांचे वकील होते. मांडीवर उघडी बॅग, हातात एक मोठा फोटो. सज्जा खूप उंच नव्हता आणि कलमबाईंचा चष्मा नवा होता. फोटोत पालिकेच्या दारातला सूचनाफलक होता. काचेमागे काहीच नव्हतं. तो त्या बुधवारचाच असणार.

म्हणजे चौघांत राहणार नव्हतंच. ठराव मंजूर व्हायची वाट कोणीतरी ताईंपेक्षाही आतुरतेने पाहत होतं.

त्या उभ्या राहिल्या. सव्वीस वर्षांत त्या सभेत उभ्या राहून स्वतःविषयी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

“अध्यक्ष महाराज, आजच्या सभेची सूचना बुधवारी लागायला हवी होती, ती गुरुवारी लागली. सात पूर्ण दिवस होत नाहीत, सहाच होतात. फलकाची किल्ली माझ्याकडे राहिली होती. चूक माझी आहे. आज सभा घेता येणार नाही.”

असा गलका उठला की उपमहापौरांची घंटा कोणाला ऐकूच गेली नाही. त्यांनी सभा तहकूब केल्याचं सांगितलं, माईक बंद केला आणि कलमबाईंनी वेळ लिहिली: तीन वाजून नऊ मिनिटं. मान वर केली तेव्हा वकील फोटो बॅगेत परत ठेवत होते आणि बॅगेची चेन अडकल्यासारखी ओढत होते. महापौर हसत नव्हते.

पण हे बघायला कोणाला फुरसत होती? औषधवाल्या ताई तरातरा टेबलापाशी आल्या. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “केवढ्याला विकल्या गेलात, बाई?”

कलमबाईंनी पेनाला टोपण लावलं. फोटोची गोष्ट जिभेवर आली होती. सांगितली असती तर त्या तिथल्या तिथे सुटल्या असत्या. पण मग ऐकणाऱ्याला वाटलं असतं की फोटो दिसला म्हणूनच ह्या उभ्या राहिल्या. शिवाय सज्जातल्या माणसाच्या मांडीवर काय आहे, हे सभागृहात सांगत फिरणं सभालिपिकाच्या कामात बसत नव्हतं. “नवी सूचना आजच लावते,” त्या म्हणाल्या. “सभा पुढच्या शुक्रवारी. शुक्रवार ते गुरुवार, मधले सात पूर्ण.”

संध्याकाळी अहो काळा चष्मा लावून खिडकीत बसले होते. आयुष्यभर त्यांनी पाण्याचे पंप दुरुस्त केले होते आणि अजूनही नळाचा आवाज बदलला की त्यांचे कान टवकारत. कलमबाईंनी त्यांच्या डोळ्यात थेंब घातले आणि घालता घालता सगळं सांगितलं.

“हं,” अहो म्हणाले. डोळे मिटलेलेच. “म्हणजे माझ्या डोळ्यापायी.”

“तुमच्या डोळ्यापायी नाही, माझ्या वेंधळेपणापायी.”

“सव्वीस वर्षांत एक. अगं, एवढं चांगलं चाललेलं मशीन मी दुसरं पाहिलं नाही. मी असतो तर तुला ग्रीससुद्धा घातलं नसतं.”

“गंमत सुचतेय तुम्हाला. विकली गेले म्हणतायत लोक.”

अहोंनी गालावर ओघळलेला थेंब पुसला. मग म्हणाले, “पंप उघडून बसलो की मालक विचारायचा, चालू होता तो बंद का केलास? आता काय सांगायचं? आतला वॉशर गेलाय, तासाभरात मोटर जळेल, हे दिसतंय मला, त्याला नाही. मी काय करायचो माहितीय?”

“काय?”

“काहीच नाही. वॉशर बदलायचो.” त्यांनी एक डोळा किलकिला केला. “हसलीस ना आत्ता? मला आता दिसतं, बरं का. पूर्वीसारखं लपवता यायचं नाही.”

कलमबाई खरंच हसल्या होत्या.

मधला आठवडा सोपा गेला नाही. जिन्यात त्यांना पाहून बोलणी थांबत. हिशेब विभागातली मैत्रीण डबा खायला यायची, तिला रोज काहीतरी काम निघालं. एका वर्तमानपत्राने ‘एका किल्लीने वाचवला महापौर’ असा मथळा दिला. मामांनी ते पान दुमडून खिडकीच्या फटीत कोंबलं, वारा येतो म्हणून. कलमबाई रोज वेळेवर आल्या, वेळेवर गेल्या. येताना फलकापाशी थांबत, काचेआडची सूचना जागेवर आहे ना ते बघत आणि मामांना बोटांनी दिवस दाखवत. एक. दोन. तीन. सातव्या दिवशी मामांनीच दोन्ही हातांची मिळून सात बोटं लांबूनच उंच केली आणि जिन्यात उभा असलेला तो जाडा कंत्राटदार, आता तिसऱ्यांदा निवडून आलेला, हसायला लागला. त्या आठवड्यात त्यांच्यासमोर हसलेला तो पहिलाच नगरसेवक.

शुक्रवारी तीनला सभा भरली. प्रथेप्रमाणे कलमबाईंनी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायला घेतलं. ते जेमतेम पाच ओळींचं होतं. आवाज न चढवता, न उतरवता त्यांनी वाचलं: सभेची सूचना एक दिवस उशिरा लागली. फलकाची किल्ली सभालिपिकाने सोबत नेली होती. चूक सभालिपिकाची. सभा तीन वाजून नऊ मिनिटांनी तहकूब.

“काही दुरुस्ती?” उपमहापौरांनी विचारलं.

औषधवाल्या ताई उठल्या. आठवडाभरात त्यांचा चेहरा उतरला होता. तेहेतीस हातांपैकी चार गळाले होते, पण दरम्यान त्यांनी एका ओळखीच्या वकिलालाही विचारलं होतं, आणि त्याने त्यांना शांतपणे तेच सांगितलं होतं जे कलमबाईंनी सांगितलं होतं, आकड्यासकट.

“एक दुरुस्ती आहे,” त्या म्हणाल्या. “मी त्या दिवशी बाईंना जे बोलले, ते यात नाही. ते घालावं. माझ्या नावानिशी. म्हणजे मला ते सभेसमोर परत घेता येईल.”

उपमहापौरांनी कलमबाईंकडे पाहिलं.

“ते सभा तहकूब झाल्यावरचं बोलणं आहे, अध्यक्ष महाराज,” कलमबाई म्हणाल्या. “माईक बंद होता. सभा संपल्यावर बोललेलं इतिवृत्तात घेता येत नाही.”

“पण मी बोलले होते,” ताई म्हणाल्या.

“हो, ताई. पण सभेत नाही बोललात.”

“मग आता मी काय करू?”

“बसा. पुढचा विषय तुमचाच आहे.”

ताई बसल्या. डोळे पुसले आणि लगेच उठल्या, कारण पुढचा विषय खरंच त्यांचा होता. ठराव त्यांनी साध्या शब्दांत मांडला. भाजीच्या टेम्पोचं सांगताना मात्र आवाज कापला. महापौर उत्तराला उठले. त्यांना हवा तेवढा वेळ मिळाला. त्यांनी तो सगळा वापरला आणि सोफ्याबद्दल शेवटपर्यंत काही सांगितलं नाही. मग हात वर झाले. कलमबाईंनी एका बाजूने मोजले, मग दुसऱ्या बाजूने मोजले. एकोणतीस. जाड्या कंत्राटदाराचा हात सगळ्यांत उंच होता. विरुद्ध नऊ. तीन जण छताकडे पाहत होते.

वकील सज्जात होते, पण बॅग आणली नव्हती.

सभागृह रिकामं झाल्यावर महापौर टेबलाशी आले. त्यांच्या खिशात त्यांच्या सहीचा रबरी शिक्का होता, ज्याच्यावर इतके दिवस गाड्या फिरल्या होत्या. ठरावाप्रमाणे तो आजच जमा करायचा होता. त्यांनी तो काढला आणि कलमबाईंच्या पुस्तकावर ठेवला. इतक्या जवळून ते थकलेले दिसत होते. कलमबाईंनी त्यांना बसायला खुर्ची दिली, पोचपावतीचं पुस्तक उघडलं आणि सुरेख अक्षरात लिहायला लागल्या. घाई केली नाही.

महापौर बराच वेळ त्यांचं लिहिणं बघत होते. मग हलक्या आवाजात म्हणाले, “त्या दिवशी तुम्ही गप्प बसायला हवं होतं, बाई.”

“हो का?” कलमबाई म्हणाल्या. त्यांनी पुस्तक त्यांच्याकडे फिरवलं आणि पेन दिलं. “इथे सही करा.”

त्यांनी सही केली. कलमबाईंनी ती पाहिली, मग बोट सहीच्या खाली नेऊन कोऱ्या जागेवर टेकवलं.

“तारीख राहिली, साहेब.”